मोटारसायकलचा अपघात व उभयपक्षांची हयगय

उंसाच्या हंगामांत रात्रीच्या वेळीं भरलेली ट्रॉली रस्त्यावर उभी असते. तिच्या मागें दिवा नसतो. आणि वेगानें येणारा मोटारसायकलस्वार तिजवर आदळतो. पुढें भरपाईचा दावा दाखल झाला म्हणजे ट्रॉलीचा मालक म्हणतो, "स्वारानें समोर पाहिलें नाहीं," व स्वाराचे आप्त म्हणतात, "ट्रॉली दिसतच नव्हती." दोघांचेंही म्हणणें खरें असूं शकतें. अशा प्रसंगीं न्याय कसा होतो, हें प्रत्येक शेतकऱ्यानें समजून घेणें अवश्य आहे.

ह्या कायद्याचें मूळ इंग्लंडांत आहे. डर्बी येथें एका गृहस्थानें घराच्या दुरुस्तीसाठीं रस्त्यांत आडवा वासा ठेविला होता. तिन्हीसांजेस भरधांव आलेला घोडेस्वार त्यामुळें पडून जखमी झाला. बेतानें आला असता तर वासा दिसला असता, म्हणून १८०९ सालीं त्याचा दावा सर्वस्वीं बुडाला. वादीची स्वतःची चूक अपघातास कारण झाली कीं त्यास कांहींच मिळूं नये, असा हा कठोर नियम होता. पुढें १८४२ सालीं, पाय बांधून रस्त्यावर चरावयास सोडलेलें गाढव वेगानें आलेल्या गाडीखालीं मेलें. गाडीवानानें योग्य काळजी घेतली असती तर तें वांचलें असतें, म्हणून त्याच्या धन्यास भरपाई मिळाली. अखेर १९४५ च्या कायद्यानें, ज्याची जितकी चूक तितकी त्याची भरपाई कमी करावी, असें तेथें ठरलें. आपल्याकडील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणेंही चुकीची अशीच वांटणी करितात.

समजा, जखमी स्वाराचें नुकसान १०,००,००० रुपये ठरलें, आणि ट्रॉलीवाल्याची चूक शेंकडा ६० व स्वाराची शेंकडा ४० धरली. तर स्वारास ६,००,००० रुपये मिळतील. बाकीचें त्यानें सोसावयाचें. वाहनाचा विमा चालू नसेल तर ही रक्कम मालकाच्या अंगावर येते, आणि त्यापायीं जमिनीवर बोजा चढण्याची वेळ येते.

मात्र नियमभंग झाला म्हणजे अपघातांतील हिस्सा सिद्ध झाला, असें नव्हे. दिल्लींतील एका अपघातांत मोटारसायकलवर तिघे बसले होते व मागून मोटारीनें धडक दिली. उच्च न्यायालयानें ह्या कारणास्तव मृताच्या वारसांची भरपाई शेंकडा १० कमी केली होती. सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ती कपात रद्द केली. तिघे बसणें हा नियमभंग खरा. परंतु त्यामुळें अपघात घडला किंवा इजा वाढली, असें दाखविल्यावांचून कपात करतां येत नाहीं. प्रतिपक्षाची हयगय जो सांगतो त्यानेंच ती शाबीत केली पाहिजे.

मागें बसलेल्या निर्दोष माणसाची गोष्ट निराळी आहे. दोन वाहनांच्या चालकांची चूक असेल तर तो संपूर्ण भरपाई कोणाही एकाकडून मागूं शकतो. त्या दोघांनीं आपसांतील हिशेब मागाहून पाहावा, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं स्पष्ट केलें आहे. शेंकडा २० चूक असलेल्या ट्रॉलीमालकाकडूनही प्रथम सगळी रक्कम वसूल होऊं शकते, हें विसरूं नये.

म्हणून वाहन धोका होईल अशा रीतीनें रस्त्यावर उभें करूं नये. मोटारवाहन कायद्याच्या १२२ व्या कलमानें तशी मनाई आहे. बिघाड झालाच तर तें शक्य तितकें कडेला घ्यावें व मागें दिवा लावावा. ट्रॉलीस चमकणाऱ्या पट्ट्या असाव्या व विमा चालू ठेवावा. मोटारसायकलवर बसणाऱ्यानें शिरस्त्राण घालावें आणि दिव्याच्या उजेडांत थांबतां येईल इतकाच वेग ठेवावा. अपघात झाल्यास प्रथम जखमीस दवाखान्यांत पोंचवावें. मग वाहनांची स्थिति, दिवे व चाकांच्या खुणा पंचनाम्यांत नीट उतरल्या आहेत कीं नाहींत, हें पाहावें. चुकीचा हिस्सा पुढें ठरतो तो बहुधा ह्याच कागदावरून.