हद्दपारीचा कायदा आणि आपल्या शेजारची गावे



गेल्या वर्ष-दीड वर्षात वर्तमानपत्रांत ‘घुसखोर’, ‘हद्दपारी’, ‘सीमेपलीकडे पाठवणी’ हे शब्द वरचेवर येत आहेत. त्याचा परिणाम आपल्या भागातही दिसतो. चंद्रपूरच्या बंगाली कॅम्पात राहणाऱ्या किंवा मुलचेऱ्याहून मासळी घेऊन बाजारात येणाऱ्या माणसाला कोणीतरी सहज ‘बांगलादेशी’ म्हणून जाते. म्हणणाऱ्याला ती थट्टा वाटते. ऐकणाऱ्याच्या पोटात मात्र गोळा येतो. म्हणून या वेळच्या अभ्यासपाठासाठी आम्ही हा विषय घेतला आहे. कायदा नेमका काय सांगतो आणि न्यायालयांनी अलीकडे काय ठरवले, ते आपण शांतपणे समजून घेऊ.

आधी एक शब्द स्पष्ट करू. आपल्याकडे ‘हद्दपार’ म्हटले की लोकांना ‘तडीपार’ आठवतो. तो कायदा वेगळा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५५ ते ५७ खाली एखाद्याला जिल्ह्याबाहेर काढता येते, तेही जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. जानेवारी २०२२ मध्ये जालना जिल्ह्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा असाधारण उपाय आहे, तो जपून वापरावा. आपला आजचा विषय देशाबाहेर पाठवण्याचा आहे. तिथे दोन वर्षांनी परत येण्याची सोय नाही.

मोहर्लीच्या मंडळींना हा कायदा समजायला अवघड जाऊ नये. ताडोब्याच्या गेटवर रोज हेच चालते : आत कोण गेले, कोणत्या परवान्यावर गेले आणि कोणत्या वेळेला बाहेर आले पाहिजे. परदेशी माणसाच्या बाबतीत देश हेच तीन प्रश्न विचारतो. परवान्याशिवाय शिरणे हा एक गुन्हा, मुदत संपल्यावर राहणे हा दुसरा. आपल्यापैकी ज्यांचे होमस्टे किंवा रिसॉर्ट आहेत त्यांना ठाऊकच आहे की परदेशी पाहुणा उतरला की त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारला कळवावी लागते.

हे सगळे १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याने चालत असे. तो आता राहिलेला नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा २०२५ लागू झाला आणि १९२०, १९३९, १९४६ व २००० या सालांचे चार जुने कायदे रद्द झाले. नव्या कायद्यात शिक्षा वाढल्या आहेत. पासपोर्ट-व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट कागद वापरल्यास दोन ते सात वर्षे कैद, शिवाय दंड. पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट जुनीच राहिली आहे. ‘हा माणूस परदेशी आहे’ असा प्रश्न उभा राहिला, तर आपण परदेशी नाही हे त्या माणसानेच सिद्ध करायचे असते. चोरीच्या आरोपात पोलिसांनी चोरी सिद्ध करायची असते. इथे उलटे आहे. आणि कागद जपून ठेवणे हे ज्याच्या घरावर पक्के छप्पर आहे त्यालाच सोपे जाते.

आता आपल्या शेजारच्या गावांकडे येऊ. १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानात दंगली झाल्या आणि हिंदू कुटुंबांचा मोठा लोंढा भारतात आला. त्यांतील बरेच जण शेतकरी व मच्छीमार नमःशूद्र समाजाचे होते. पश्चिम बंगालात जागा उरली नव्हती, म्हणून सरकारने त्यांना रायपूरजवळच्या माना छावणीत आणि पुढे दंडकारण्याच्या जंगलपट्ट्यात पाठवले. काही कुटुंबे त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात आली. जंगल तोडून त्यांना जमिनी दिल्या गेल्या. मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांतली बंगाली गावे ही अशी वसली आहेत. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा ही गावे तिकडे गेली. म्हणजे ही माणसे चोरून आलेली नव्हती, सरकारनेच त्यांना आणून बसवले. त्यांनी इथे धानाची शेती केली, तळी राखली, बंगाली शाळा चालवल्या. बंगालात अनुसूचित जातीत मोडणाऱ्या नमःशूद्रांना महाराष्ट्राच्या यादीत मात्र स्थान नाही, हे त्यांचे जुने दुखणे आहे.

त्यांच्या मुलानातवंडांचे काय? इथे नागरिकत्व कायदा १९५५ पाहावा लागतो. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला तो जन्मानेच भारतीय नागरिक. राजदूतांची मुले वगैरे मोजके अपवाद सोडले, तर आईवडील कोण होते हा प्रश्नच त्यात येत नाही. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यासाठी आई किंवा वडील यांपैकी एक जण नागरिक असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली : एक जण नागरिक हवा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. तेव्हा १९७५ साली मुलचेऱ्यात जन्मलेली बाई जन्माने भारतीय आहे आणि म्हणून तिची १९९५ साली जन्मलेली मुलेही भारतीय आहेत. तिच्या वडिलांच्या नावाचा निर्वासित दाखला वाळवीने खाल्ला असला तरी हे बदलत नाही.

हा नियम कागदावरचाच आहे असे कोणी समजू नये. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावला नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिथले लोक स्वेटर विकायला आपल्या शहरांत येतात. तिबेटी लोकांना सरकार परदेशी म्हणून नोंदवत आले आहे. पण १९८६ साली हिमाचलातील कांगड्याला जन्मलेल्या एका तिबेटी तरुणीने पासपोर्ट मागितला, तो नाकारला गेला, आणि ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयाने निकाल दिला की ती जन्मानेच भारतीय आहे. तिच्या आईवडिलांचा देश कोणता, हा मुद्दा तिथे गैरलागू ठरला.

मग न्यायालये नेहमी बाहेरून आलेल्याच्या बाजूने उभी राहतात का? मुळीच नाही. १९५५ मध्ये हान्स म्युलर या जर्मन माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अमर्याद आहे. आपल्या ख्रिस्तसभेला जवळचे उदाहरण लुई द रेड्ट यांचे. बेल्जियमचे हे मिशनरी १९३७ मध्ये भारतात आले. मधल्या दोन छोट्या भेटी सोडल्या तर ते इथेच राहिले. परवान्याची मुदत वाढवून मिळणे बंद झाले तेव्हा ते आणि त्यांचे दोन सहकारी सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटना लागू झाली तेव्हा आपण इथलेच झालो होतो असे त्यांचे म्हणणे होते. १९९१ मध्ये न्यायालयाने ते मान्य केले नाही. नुसते अनेक वर्षे राहणे पुरेसे नाही, इथेच कायम राहण्याचा निश्चय त्या वेळी होता हे सिद्ध करावे लागते, आणि ते त्यांना करता आले नाही. पन्नासाहून अधिक वर्षांची सेवा न्यायालयाने नाकारली नाही. तो नागरिकत्वाचा पुरावा ठरला नाही, एवढेच. आम्हाला हा निकाल वाचताना जड वाटले, पण कायद्याच्या भाषेत तो चुकीचा आहे असे म्हणवत नाही.

त्याच निकालात एक दुसरी गोष्ट आहे आणि ती पुढे वाढत गेली. राज्यघटनेचे अनुच्छेद १९ फक्त नागरिकांसाठी आहे, म्हणून कुठेही वस्ती करण्याचा हक्क परदेशी माणसाला नाही. पण अनुच्छेद १४ आणि २१ ‘व्यक्ती’साठी आहेत. जीव आणि स्वातंत्र्य कायद्याच्या रीतीशिवाय हिरावून घेता येत नाही, मग तो माणूस कोणीही असो. १९९६ चा चकमा निकाल याच पायावर उभा आहे. पूर्व पाकिस्तानातून १९६४ च्याच लोंढ्यात आलेल्या आणि अरुणाचलात वसवलेल्या सुमारे ६५,००० चकमांना तिथल्या एका विद्यार्थी संघटनेने निघून जायला सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला बजावले की यांच्या जीविताचे रक्षण करा, कायद्याशिवाय कोणालाही घरातून उठवू नका आणि त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज पुढे पाठवा. आपल्या मुलचेऱ्याच्या लोकांचे आणि या चकमांचे नशीब एकाच वर्षी, एकाच दिशेने निघाले होते. एकांना शेजारी बरे मिळाले, एवढाच फरक.

अलीकडच्या निकालांपैकी आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो ११ जुलै २०२४ चा, रहीम अली विरुद्ध आसाम राज्य. आजारपणामुळे वेळेत बाजू मांडता न आल्याने न्यायाधिकरणाने २०१२ मध्ये त्यांना एकतर्फी परदेशी ठरवले होते. नंतर कागद दाखवले, तर नावांचे स्पेलिंग आणि तारखा जुळत नाहीत म्हणून तेही नाकारले गेले. सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला. पुरावा देण्याचे ओझे माणसावर असले, तरी सरकारला कोणाच्याही दारावर थाप मारून ‘तू परदेशी असल्याचा संशय आहे’ असे म्हणता येणार नाही. संशयाला आधार हवा आणि तो आधार त्या माणसाला सांगितला पाहिजे. अक्षरांतल्या किरकोळ फरकावरून कोणाचा देश काढून घेता येत नाही. या निकालाला एक तप लागले.

अक्षरांचा हा मुद्दा आपल्याकडे किती खरा आहे पाहा. बंगाली आजोबांनी आडनाव ‘बिस्वास’ सांगितले, मराठी गुरुजींनी हजेरीपटावर ‘विश्वास’ लिहिले. ‘मोंडोल’चे ‘मंडल’ झाले. आपल्या गोंड-माडिया घरांतही एका भावाचे आडनाव एका तऱ्हेने आणि दुसऱ्याचे दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले सापडते. जंगलातल्या जुन्या गावांच्या नोंदी आधीच तुटपुंज्या. त्यात ताडोब्यातून नवेगाव, जामणी यांसारखी गावे उठून नव्या जागी गेली, तसे घराघरांतले कागदही हलले.

महाराष्ट्रात काय चालले आहे? १२ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्याच्या एका प्रकरणात जामीन नाकारताना स्पष्ट केले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र नुसते जवळ असल्याने कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. नागरिकत्व ठरते ते १९५५ च्या कायद्याने. पुष्कळांना वाटते की आधार आहे म्हणजे सगळे झाले. तसे नाही. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने एक वर्षाहून अधिक उशिरा नोंदलेल्या जन्माचे दाखले देणे थांबवले होते आणि मार्चमध्ये त्यासाठी कडक कार्यपद्धती आणली. बनावट दाखले निघत होते हे खरेच. पण घरीच बाळंतपण झालेल्या आपल्या आयाबायांना याचा फटका बसतो, हेही तितकेच खरे.

आणि घाईचा फटका कसा बसतो, हेही २०२५ मध्ये दिसले. संशयितांची ओळख पटवायला मे महिन्यात केंद्रीय गृहखात्याने राज्यांना ३० दिवसांची मुदत दिली होती. जूनमध्ये मुंबई परिसरात काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना पकडून थेट सीमेपलीकडे ढकलण्यात आले. ते भारतीय आहेत हे त्यांच्या राज्याने दाखवल्यावर त्यांना परत घ्यावे लागले. दिल्लीत राहणाऱ्या बीरभूम जिल्ह्यातील एका गर्भवती महिलेलाही कुटुंबासह असेच पाठवले गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी कोलकाता उच्च न्यायालयाने ती हद्दपारी रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबरमध्ये मानवतेच्या भूमिकेतून तिला व तिच्या लहान मुलाला परत आणले गेले. सरकारने बेकायदा आलेल्यांना परत पाठवू नये असे आम्ही म्हणत नाही. पण ३० दिवसांची चौकशी पाच दिवसांत उरकली, तर चूक कोणाच्या वाट्याला येते ते या बाईला विचारावे.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याबद्दलही विचारणा होते. त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी आले. अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना त्याखाली अर्ज करता येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात एका ७८ वर्षांच्या ख्रिस्ती गृहस्थांना असे नागरिकत्व मिळाले. गोवा मुक्तीपूर्वी ते शिकायला पाकिस्तानात गेले आणि तिथलेच नागरिक झाले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये याच सहा धर्मांच्या, छळामुळे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या लोकांना खटल्यापासून सूट देणारा आदेश निघाला. ही सूट म्हणजे नागरिकत्व नव्हे, दोन तारखांची गल्लत करू नये. मुसलमान या यादीत नाहीत, आणि त्यावरूनच या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. आपल्या धर्माचे नाव यादीत आहे म्हणून आपण निर्धास्त व्हावे, हे आम्हाला पटत नाही. शिवाय इथेच जन्मलेल्या बंगाली शेजाऱ्याने, जो मुळात नागरिकच आहे, घाबरून या कायद्याखाली अर्ज करणे म्हणजे आपण परदेशी होतो हे स्वतःच लिहून देणे. वकिलाला विचारल्याशिवाय तसा अर्ज कोणी करू नये.

पोलिसांनी चौकशीला बोलावले तर जावे, पण कशासाठी बोलावले ते विचारावे. अटक झाल्यास कारण सांगणे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे बंधनकारक आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, फोन १५१००.

कागदांत सर्वांत उपयोगी ठरतात ते जुने. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जमिनीच्या वाटपाचा आदेश, जुन्या मतदार यादीतले नाव, आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळणारी कोतवाल बुकाची नक्कल, ज्यात गावच्या कोतवालाने जन्म-मृत्यू लिहून ठेवलेले असतात. नक्कल मागताना गावाचे जुने नाव आणि अंदाजे साल द्यावे. गाव उठून गेले असेल तर मूळ गाव ज्या तालुक्यात होते तिथे शोधावे. अर्ज लिहायला मदत हवी असल्यास रविवारच्या मिस्सानंतर भेटावे, बंगाली शेजाऱ्यांनाही सोबत आणावे. येताना झेरॉक्स आणल्या तरी पुरे, मूळ कागद घरीच ठेवावेत.