एकविहारी कोणाला म्हणावे?



मागच्या अभ्यासवर्गात प्रश्न आला होता, एकांतात राहणे म्हणजे जबाबदारीतून पळ काढणे नव्हे काय? आज अमेरिकेतल्याच एका कामाच्या आधाराने विचार करू.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान १८७२ साली स्थापन झाले. हिवाळ्यात तिथले बहुतेक रस्ते मोटारींना बंद असतात. फेब्रुवारी १९३३ मध्ये तिथे पारा उणे ५४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अशा जागी रिकाम्या इमारती सांभाळायला हिवाळी राखणदार राहतो. मुख्य काम छपरावरचा बर्फ उतरवण्याचे. साचून दबलेल्या एका घनमीटर बर्फाचे वजन ३०० किलोच्या घरात जाते. तो तसाच राहिला तर छप्पर खचते. राखणदार लांब करवतीने बर्फाचे मोठे ठोकळे कापतो आणि खाली ढकलतो. एक छप्पर मोकळे होईतो दुसरे भरलेले असते. कॅनियन भागात स्टीव्हन फुलर यांनी १९७३ पासून चार दशकांहून अधिक काळ हे केले. उन्हाळ्यात येणाऱ्या प्रवाशाला छप्पर शाबूत दिसते, एवढेच.

हा पळ नव्हे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रास्ताविकात विचारले आहे की भिक्खू हा केवळ स्वतःपुरता परिपूर्ण माणूस की समाजसेवक? एकांताला हीच कसोटी लावावी.

मला मात्र हॅरी याउंट अधिक शिकवून जातो. १८८० साली तो तिथल्या वन्यप्राण्यांचा रखवालदार झाला, एक हिवाळा तिथेच काढला आणि अहवालात स्पष्ट लिहिले की हे एकट्याचे काम नाही, माणसांची तुकडी हवी. मग १८८१ मध्ये राजीनामा दिला. संघाची गरज त्याला एकांतात कळली!

आता सुत्ताकडे. संयुत्त निकायात थेर नावाचा भिक्खू येतो. तो एकटाच भिक्षेला जाई, एकटाच परते, एकटाच बसे आणि एकांताची स्तुती करी. भगवंतांनी त्याला नाकारले नाही. पण खरा एकांत वेगळा सांगितला. गेलेले सोडलेले, येणाऱ्याची आस टाकलेली आणि आत्ताच्यावरची आसक्ती सुटलेली. मिगजाल सुत्तात तर तृष्णेलाच सोबतीण म्हटले आहे. ती बरोबर असेल तर अरण्यातला माणूसही दुकटाच.

आपल्यापैकी कित्येकजण इथे एका खोलीत, रात्रपाळी करून एकटे राहतात. फोन उशाशी असतो, मन गावाकडे. त्या खोलीत नक्की किती जण राहतात, हे प्रत्येकाने आठवडाभर पाहावे आणि पुढच्या वर्गात बोलावे. मेघिय सुत्त वाचून यावे. आमराईत एकटा बसायला गेलेल्या मेघियाचे काय झाले, तिथून सुरुवात करू.