अधू मांजर घरी आणताना

मांजर आपल्याकडे घरोघरी असते. धान्याच्या कणग्या आल्या की उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. मात्र दृष्टी गेलेले किंवा पाय गमावलेले मांजर सहसा कोणी ठेवून घेत नाही. शहरांत अशा मांजरांना प्राण्यांच्या निवाऱ्यात आश्रय मिळतो. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आहे. जुने मुंबईकर त्याला 'बैलघोडा' म्हणतात. तेथे एकोणिसाव्या शतकापासून जखमी जनावरांवर उपचार होत आहेत. परंतु जखम भरली तरी आंधळे मांजर रस्त्यावर जगू शकत नाही, त्याला घरच लागते. शहरात नोकरीला असलेला मुलगा असे मांजर गावी आणतो म्हणाला, की घरची मंडळी काठीला माझ्याकडे येऊन विचारतात, "डॉक्टरसाहेब, त्याच्यापासून आम्हाला काही होणार नाही ना?"

पहिली गोष्ट, अधूपण संसर्गजन्य नसते. काही पिल्ले जन्मापासून झोकांड्या खात चालतात. आई गाभण असताना तिला मांजरांचा एक विषाणुजन्य आजार झाला, तर पिल्लाचा लहान मेंदू पुरेसा वाढत नाही. हा दोष वयाबरोबर वाढत नाही आणि माणसाला तर होतच नाही. आंधळे मांजर मिशा व कान यांच्या आधारे घरभर फिरते. फक्त त्याच्या अन्नपाण्याची जागा बदलू नये. तीन पायांचे मांजरही चांगले जगते, मात्र त्याचे वजन वाढू देऊ नये.

खरी काळजी रेबीजची घ्यावी. मांजर आणण्यापूर्वी त्याला रेबीजची लस दिल्याचा कागद निवाऱ्यातून मागून घ्यावा. आंधळे मांजर एकदम हात लावल्यास दचकून चावते, म्हणून आधी आवाज द्यावा. बहिऱ्या मांजराजवळ समोरून जावे. चावले किंवा ओरबाडून रक्त आले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. चुना, हळद, तिखट काहीही भरू नये. लगेच सरकारी दवाखान्यात जावे. लशीचे वेळापत्रक पूर्ण करावे; रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

घरात गरोदर स्त्री असेल तर मांजर हाकलण्याची गरज नाही. त्याच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा हा जंतू येऊ शकतो. ताज्या विष्ठेतील हा जंतू संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून विष्ठेची माती रोजच्या रोज काढावी. हे काम गरोदर स्त्रीने न करता दुसऱ्याने करावे व नंतर हात साबणाने धुवावेत. हा जंतू कच्चट मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो, हे विसरू नये.

आपली औषधे मांजराला देऊ नयेत. तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते, कारण ती पचवून बाहेर टाकण्याची शक्ती त्याच्या यकृतात फार थोडी असते. फिनेलही त्याच कारणाने घातक. फरशी पुसून वाळेपर्यंत त्याला दूर ठेवावे. केवळ दूध-भाकरीवर मांजर निरोगी राहत नाही. मांस-मासळीतला टॉरिन हा घटक मिळाला नाही, तर त्याचे डोळे व हृदय बिघडते.

सर्वांत कठीण काम असते ते कंबरेखाली लुळे पडलेल्या मांजराचे. त्याला स्वतःहून लघवी होत नसेल, तर दिवसातून दोन-तीन वेळा पोट हलके दाबून मूत्राशय रिकामे करावे लागते. ते पशुवैद्याकडून हाताने शिकून घ्यावे लागते. एक दिवस चुकले तरी मांजराच्या जिवावर बेतते.

म्हणून मांजर आणण्याआधी घरात बसून एकच गोष्ट ठरवावी. सुटी संपून मुलगा शहरात परतल्यावर हे रोजचे काम कोण करणार? त्या माणसाने स्वतः 'मी करीन' म्हटले, तरच आणावे. दया येऊन आणलेले मांजर महिन्याभराने उपाशीतापाशी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय आंधळ्या जिवाला सापडलेले घर त्याच्यापासून पुन्हा हिरावून घेतल्यासारखे होते, ते वेगळेच.