खुडूक कोंबडीचे मोल

माकणीसारख्या (जि. धाराशिव) गावात परसात पाळायला अंडी व मांस दोन्ही देणारी कोंबडी सोयीची. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात तयार झालेली तांबडी 'ऱ्होड आयलंड रेड' ही तशी जात. चांगली निगा राखल्यास ती वर्षाला सुमारे २०० अंडी देते. गावठी कोंबडी ५०-६०. असे का?

याचे एक कारण म्हणजे गावठी कोंबडी थोडी अंडी घालून खुडूक होते, म्हणजे ती उबवायला बसते. तेव्हा तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते व अंडी घालणे थांबते. तांबडी फारशी खुडूक होत नाही. मग घरी उबवणी यंत्र नसेल, तर तिची पिल्ले कोण काढणार? गावठीच! खुडूक गावठीखाली तांबडीची फलित अंडी ठेवा. सुमारे २१ दिवसांत पिल्ले बाहेर येतील. म्हणून तांबडी जरूर आणा, पण गावठी मोडू नका.