चित्रातून सागरावर

पेण तालुक्यातील हमरापूर हे गाव गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. मूर्तिकार प्रथम एकच मूर्ती मन लावून घडवितो. तिच्यावरून साचा होतो व साच्यातून अनेक मूर्ती निघतात. मूळ मूर्तीत उणीव राहिली, तर ती प्रत्येक मूर्तीत उतरते. म्हणून नमुना निर्दोष असावा लागतो.

जहाज बांधणाऱ्यालाही नमुन्याची अशीच गरज असते. त्याच्या चुकीची किंमत मात्र फार मोठी. कारण जहाजावर माणसे असतात.

अजिंठ्याच्या लेण्यांत इसवी सनाच्या ५व्या शतकातील शिडाच्या जहाजाचे चित्र आहे. प्राचीन काळी आपल्याकडे फळ्या दोरीने शिवून जहाजे बांधीत. तसे जहाज पुन्हा बांधण्याचे संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील एक जहाजबांधणी संस्था यांनी २०२३ साली ठरविले. परंतु जुने आराखडे उरले नव्हते. चित्र तर सपाट! पाण्याखालचा तळ किती खोल, पोट किती रुंद, हे ते कसे सांगणार? अंदाज चुकला, तर जहाज लाटेसरशी कलंडेल.

म्हणून तज्ज्ञांनी चित्राचा अभ्यास करून मापे ठरविली. मद्रासच्या आयआयटीच्या साहाय्याने लहान प्रतिकृती पाण्यात पारखण्यात आली. मगच केरळचे बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली कारागिरांनी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवल्या आणि सांधे राळेने बुजविले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरले. त्याचे नाव 'कौंडिण्य'. २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून ते जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला सुखरूप पोहोचले.

'कौंडिण्य' सुमारे २० मीटर लांब व साडेसहा मीटर रुंद आहे. १:४० या प्रमाणात त्याची लाकडी प्रतिकृती केली, तर ती ५० सेंटीमीटर लांब व सुमारे १६ सेंटीमीटर रुंद होईल. डोलकाठी, शिडे, वल्ही, सारे त्याच प्रमाणात हवे. डोलकाठी अवजड झाली, तर प्रतिकृती कलंडते. तळाशी वजन ठेवले, तर सावरते. हे पुस्तकात वाचण्यापेक्षा बादलीभर पाण्यात पाहिलेले अधिक स्मरणात राहते.

प्रतिकृतीत चूक झाली, तर एखादी फळी वाया जाते. तीच चूक भर समुद्रात प्राणांवर बेतते. म्हणून जाणता कारागीर लहान कामही मोठ्या कामाइतक्याच निष्ठेने करतो.

स्वाध्याय
१. चित्रावरून थेट जहाज बांधणे धोक्याचे का होते?
२. १:५० या प्रमाणात 'कौंडिण्य'ची प्रतिकृती किती लांब होईल?