दिसणारे अक्षर आणि साठवलेले अक्षर

नवी मुंबईत नोकरी सांभाळून मी संकेतस्थळरचना शिकले. आजीच्या ओव्या जुन्या फाँटमध्ये टंकून पहिले पान केले; माझ्या संगणकावर ते देखणे दिसले. आजीच्या मोबाइलवर मात्र रोमन अक्षरांची खिचडी उमटली. त्या फाँटमध्ये देवनागरी हे केवळ वरचे रूप होते. साठवण रोमन चिन्हांचीच होती. १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये देवनागरी चिन्हांना स्वतंत्र क्रमांक आहेत. ‘कि’मधील वेलांटी आधी दिसते, पण साठवणीत ‘क’ आधी येतो. म्हणजे उच्चाराचाच क्रम. वेलांटी जागेवर बसवण्याचे काम अक्षरे मांडणारी संगणकप्रणाली फाँटच्या साहाय्याने करते. विंडोजसाठी र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ रचला, तो याच पद्धतीचा. साऱ्या ओव्या पुन्हा टंकाव्या लागल्या. आता ‘जातं’ शोधले की आजीची ओवी सापडते.