याद वाचा, मग सही करा

घरात लग्न निघाले की सगळ्यांना आनंद होतो. पोरीबाळींची गडबड सुरू होते. म्हातारी माणसे जुन्या लग्नांच्या गोष्टी काढतात. पण घरच्या कर्त्या माणसाला रात्री झोप लागत नाही. पैसा कुठून आणायचा? पाहुण्यांचा मान कसा राखायचा? काही राहून गेले तर चार लोक काय म्हणतील?

या काळजीवर एक साधा उपाय आहे. वही आणि पेन्सिल! हसू नका. एका घरची गोष्ट ऐका, म्हणजे पटेल.

थोरलीचे लग्न

एका गावात एक शेतकरी राहत होता. घरी तीन एकर जिरायत रान. नवराबायको आणि दोन मुली. थोरलीचे लग्न ठरले तेव्हा नवराबायकोला अक्षरओळख नव्हती.

साखरपुड्याच्या दिवशी याद झाली. याद म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहेच. कोणी काय करायचे, कोणी काय द्यायचे, ते कागदावर लिहितात. खाली दोन्हीकडची माणसे सह्या करतात. मध्यस्थाने याद भराभर वाचली. बापाने अंगठा उठवला. साखर वाटली. सगळे जेवून गेले.

लग्नाच्या आदल्या दिवशी वरपक्षाकडून विचारणा आली.

"मोटारसायकल कुठं हाय?"

"मोटारसायकल? असं बोलणं कुठं झालं होतं?"

"यादीत लिवलंय की. हा बघा तुमचा अंगठा."

दारात मांडव पडला होता. मुलीला हळद लागली होती. बाप काय करणार? त्याने सावकाराचे एक लाख रुपये काढले. व्याज दरमहा शेकडा तीन. ऐकायला तीन रुपये थोडे वाटतात. पण हिशेब करून पाहा. लाखाला महिन्याचे ३,००० रुपये. वर्षाचे ३६,०००. तीन वर्षांचे १,०८,०००. म्हणजे व्याजच मुद्दलाच्या वर गेले, आणि मुद्दल तसेच राहिले. शेवटी विहिरीकडचे एक एकर रान हातचे गेले.

मुलीची आई त्या बांधावरून जाताना दर वेळी मान खाली घालायची. एके दिवशी तिने ठरवले, आपण वाचायला शिकायचे. गावात रात्रीचा वर्ग निघाला तेव्हा पहिल्या दिवशी ती जाऊन बसली.

धाकटीची याद

पुढे धाकटी लग्नाची झाली. स्थळ चांगले होते. मुलगा कष्टाळू होता. मुलीलाही तो पसंत होता. साखरपुड्याला पाहुणे आले. मध्यस्थाने याद लिहिली आणि वाचून दाखवली. बापाने अंगठ्यासाठी हात पुढे केला. तेवढ्यात आई म्हणाली,

"आवं, थांबा. कागद जरा हिकडं द्या."

सगळे गप्प झाले. आईने कागदावर बोट ठेवले. एकेक अक्षर लावत ती वाचू लागली. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. पाचव्या ओळीवर बोट थांबले.

"वर-खर्चा-स रोख पन्नास हजार. पावणं, हा वरखर्च म्हंजी काय?"

मध्यस्थ म्हणाला, "वहिनी, रीत असती ती. त्याला हुंडा म्हणत न्हाईत."

आई म्हणाली, "भाऊजी, नाव बदललं म्हणून पैसा बदलत न्हाई. थोरलीच्या वक्ताला एक ओळ वाचायची राहिली. त्यापायी एक एकर रान गेलं. ही ओळ असली तर माझी सही न्हाई."

"सोयरीक मोडंल, वहिनी!"

आईने मुलीकडे पाहिले. मुलीची मान खाली होती, पण ती ठामपणे म्हणाली, "मोडू दे, आई."

व्याही उठून ओसरीवर गेले. मुलगाही मागोमाग गेला. बापलेक बराच वेळ बोलत बसले. आत कोणी बोलेना. चहा निवून गेला. मग व्याही आत आले. त्यांचा आवाज उतरला होता.

"विहीणबाई, खरं सांगतो. माझ्या लेकीच्या लग्नाचं देणं अजून फिटायचं हाय. ते तुमच्याकडून फेडावं म्हणत हुतो. पोरगा म्हणतो, देणं आपण दोघं मिळून फेडू."

आईने पेन्सिल घेतली आणि ती ओळ खोडली. खाली नवी ओळ लिहिली : 'लग्न एका दिवसात करायचे. जेवणाचा खर्च निम्मा निम्मा.' मग तिने सही केली. अक्षर वाकडे होते, पण सही तिची होती.

आता या घराने पुढे लग्न कसे पार पाडले, ते पायरीपायरीने पाहू. तुमच्या घरीही तसे करता येईल.

पहिली पायरी : वय पाहा

साखरपुड्याच्या आधी मुलामुलीच्या जन्माचे दाखले पाहा. मुलीला १८ वर्षे पूर्ण हवीत आणि मुलाला २१. अंदाजाने वय सांगू नका.

आपल्या देशात १९२९ साली बालविवाहाविरुद्ध शारदा कायदा झाला. तेव्हा मुलीचे वय १४ ठरले होते. १९४९ साली ते १५ झाले आणि १९७८ साली १८ झाले. २००६ च्या कायद्याने बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लग्न जमवणारे आणि लावणारे, सगळेच त्यात सापडतात. असे लग्न होत असेल तर १०९८ या नंबरवर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत.

कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा. कोवळ्या वयात बाळंतपण आले तर आईच्याही जिवाला धोका असतो आणि बाळाच्याही. आणि वयाबरोबर मुलीची पसंतीही विचारा. संसार तिला करायचा आहे.

दुसरी पायरी : याद नीट वाचा

याद सावकाश वाचा. न कळणारा शब्द दिसला तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. कोरी जागा सोडलेल्या कागदावर सही करू नका. यादीची एक प्रत आपल्याजवळ ठेवा.

१९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला. हुंडा घेणे गुन्हा आहे, देणेही गुन्हा आहे. नुसता मागितला तरी गुन्हा होतो. घेणाऱ्या-देणाऱ्याला कमीत कमी पाच वर्षांची कैद सांगितली आहे. पोशाख, वरखर्च, गाडी, सोने असे कोणतेही नाव द्या. लग्न जमवण्याची अट म्हणून मागितले की तो हुंडाच. ज्याच्यावर हुंड्याची जबरदस्ती झाली, त्याने तक्रार करायला भिऊ नये. त्याच्या स्वतःच्या जबाबावरून त्याच्यावर खटला होत नाही.

तिसरी पायरी : आधी रक्कम, मग खर्च

पुष्कळ लोक आधी खर्च करतात आणि मग पैसे शोधतात. या आईने उलट केले. तिने आधी घरातली शिल्लक मोजली. ती १,२०,००० रुपये होती. त्यातले २०,००० मिरगाच्या पेरणीसाठी बाजूला बांधले. त्याला हात लावायचा नाही, असे नवराबायकोने ठरवले. राहिले एक लाख. मग वहीत असे लिहिले :

जेवण (आपला निम्मा वाटा) – ३०,०००
बस्ता, म्हणजे कपडालत्ता – २५,०००
मुलीला संसाराची भांडी – १५,०००
मांडव आणि भाड्याची भांडी – १०,०००
गाडीभाडे – ५,०००
लग्नविधी – ३,०००
पत्रिका – २,०००
एकूण – ९०,०००
अडीअडचणीसाठी हाताशी – १०,०००

तुमचे आकडे वेगळे असतील. पण 'हाताशी' ही ओळ विसरू नका. लग्नात काहीतरी अचानक निघतेच. आणि रोज संध्याकाळी दिवसाचा खर्च वहीत मांडा. एका बाबीवर जास्त गेले, तर दुसऱ्या बाबीत तेवढे कमी करा.

थोडक्यात लग्न करण्यात कमीपणा नाही. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. त्या समाजाने थोड्या खर्चात, साध्या रीतीने लग्ने लावून दाखवली. त्याला आता दीडशे वर्षे होऊन गेली.

चौथी पायरी : माणसे मोजा

जेवणाचा खर्च पानावर ठरतो. म्हणून आधी नावे लिहून काढा. या घराने आपली २०० आणि व्याह्यांची २०० माणसे धरली. एकूण ४०० पाने.

एक किलो तांदळाचा भात साधारण दहा माणसांना पुरतो. म्हणून ४०० माणसांना ४० किलो तांदूळ. वर पाच किलो जास्त घ्या. तेही एकदम शिजवू नका. पंगती पाहून टाका. बेत थोडकाच ठेवा. भात, आमटी, वांग्याची भाजी, पुरी आणि बुंदी. चैत्र-वैशाखाच्या उन्हात खव्याचे आणि दुधाचे गोड पदार्थ लवकर नासतात. बुंदी टिकते. पिण्याचे पाणी झाकून ठेवा. टाकीत जंतुनाशक औषध किती टाकायचे, ते आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

पाचवी पायरी : कामे वाटून द्या

'सगळ्यांनी बघा' म्हटले की कोणीच बघत नाही. म्हणून एका कामाला एकच नाव लिहा. पत्रिका वाटायला चुलतभाऊ. मांडवाला मामा. कोठीच्या किल्ल्या आत्याकडे. पाण्याला गल्लीतली पोरे. पैशाची पिशवी एकाकडे आणि वही दुसऱ्याकडे.

दिवसही लिहा. महिनाभर आधी बस्ता आणि पत्रिका. पंधरा दिवस आधी आचारी, मांडव आणि गाडी पक्की करा. इसार दिला तर पावती घ्या. आठ दिवस आधी किराणा आणून वजन करून घ्या. आदल्या दिवशी मांडव.

सहावी पायरी : लग्नाचा दिवस

सकाळी देवक आणि हळद, सायंकाळी गोरज मुहूर्तावर अक्षता. सगळे एका दिवसात झाले. उन्हाचा त्रास झाला नाही. वेळ पाळा. रुसव्याफुगव्यात दोन तास गेले की म्हातारी माणसे आणि लहान पोरे उपाशी राहतात. मान द्यायचा तो वेळेवर जेवायला वाढून द्या.

हौसेने कोणी मुलामुलीला भांडे, दागिना दिला तर त्याचीही यादी करा. वस्तू कोणती, किंमत अंदाजे किती, कोणी दिली, त्याचे नाते काय, हे लिहा. खाली नवरानवरीने सही करावी. १९८५ च्या नियमांत असे सांगितले आहे. पुढे वाद निघाला तर हा कागद मुलीच्या कामी येतो.

सातवी पायरी : नोंद करा

पाठवणी झाली की लग्न संपले, असे समजू नका. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नाची नोंद ९० दिवसांच्या आत करायची असते. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जा. वयाचे आणि राहण्याचे दाखले, फोटो, लग्नपत्रिका आणि तीन साक्षीदार बरोबर न्या. हा दाखला मुलीचा मोठा आधार आहे. वारसाहक्काला, पेन्शनला, कोर्टकचेरीला तो लागतो.

धाकटीची पाठवणी झाली, त्या रात्री आईने वही उघडली. 'हाताशी'च्या दहा हजारांतले ३,६०० रुपये शिल्लक होते. तिने नवऱ्याला आकडा दाखवला. नवरा बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "उद्या रातच्याला वर्गाला निघशील, तवा मलाबी हाक मार."

लक्षात ठेवा

वाचल्याशिवाय सही नाही.
शिल्लक मोजल्याशिवाय खर्च नाही.
पेरणीचा पैसा मांडवात घालायचा नाही.
हुंडा द्यायचा नाही, घ्यायचा नाही.
लग्नाची नोंद ९० दिवसांत.

सांगा पाहू

१. बापाला एक लाखाचे कर्ज का काढावे लागले?
२. व्याह्यांनी वरखर्च का मागितला होता?
३. ५०,००० रुपयांवर दरमहा शेकडा दोन दराने वर्षाचे व्याज किती होईल?
४. २५० पानांना तांदूळ किती लागेल?

करून पाहा

तुमच्या घरी किंवा शेजारी झालेल्या एका लग्नाचा खर्च आठवून वहीत लिहा. कोणता खर्च टाळता आला असता? त्या ओळीखाली रेघ ओढा. पुढच्या वेळी वर्गात ती वही घेऊन या.